चाळीस दिवसांचे व्रत आणि त्याचे पारणे

फाल्गुन सरू लागला आणि चैत्राची चाहूल लागली की कोकणच्या किनाऱ्यावर सणांची दाटी होते. होळीची लाकडे रचली जातात, पालख्या घरोघर हिंडतात, पाडव्याला गुढ्या उभ्या राहतात, रामनवमीला पाळणा हलतो आणि पाठोपाठ हनुमान जयंतीचा पहाटेचा सोहळा येतो. आमच्यासारख्या हरदासाला तर या दिवसांत चिपळ्या खाली ठेवण्याची फुरसत नसते. नेमके याच दिवसांत, याच किनाऱ्यावर, आपल्या शेजारी एक दीर्घ व्रत चाललेले असते. भिंतीवरील दिनदर्शिकेच्या चौकोनात 'गुड फ्रायडे' आणि 'ईस्टर संडे' ही दोन नावे बारीक अक्षरांत वाचून आपण पान उलटतो. त्या दोन नावांमागे चाळीस दिवसांचा नेम उभा आहे, याची वार्ता आपल्या घरांत फारशी पोचलेली नाही. रायगडच्या किनाऱ्यावर कोर्लई नावाचे एक गाव आहे. तेथील ख्रिस्ती मंडळींच्या निमित्ताने आज त्या व्रताची ओळख करून द्यावी, असा आमचा मानस आहे.

प्रथम पंचांग पाहू, कारण आपल्या वाचकांचे मन तेथे चटकन रमते. ईस्टर नेहमी रविवारीच येतो, पण तारीख दरवर्षी बदलते. वसंतसंपाताची तारीख २१ मार्च धरावयाची, त्या दिवशी वा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा पाहावयाची आणि त्या पौर्णिमेनंतरचा रविवार घ्यावयाचा, असा हा हिशेब आहे. इसवी सन ३२५ मध्ये नायसिया येथे भरलेल्या धर्मपरिषदेने सर्वांनी हा सण एकाच रविवारी पाळावा असे ठरविले, आणि पुढे हा हिशेब रूढ झाला. म्हणजे सूर्याची गती, चंद्राची तिथी आणि वार या तिन्हींची सांगड येथे घातलेली आहे. आपल्या अधिकमासाप्रमाणेच चंद्र-सूर्याचा मेळ राखण्यासाठी तेथेही एकोणीस वर्षांचे चक्र मानले जाते. परिणामी हा ख्रिस्ती सण बहुधा आपल्या फाल्गुनी किंवा चैत्री पौर्णिमेनंतरच्या कृष्णपक्षाच्या पहिल्या आठवड्यात सापडतो.

या हिशेबाचे मूळ यहुदी परंपरेत आहे. येशू ख्रिस्ताला क्रुसावर दिले ते वल्हांडण सणाच्या दिवसांत, आणि वल्हांडण हा पौर्णिमेचा सण. रायगडच्या किनाऱ्याला तर वल्हांडण परके नाही. अलिबागेजवळ नवगावच्या किनाऱ्यावर आपल्या पूर्वजांचे गलबत फुटले असे सांगणारे बेने इस्रायली लोक, घाण्यावर तेल काढणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून 'शनवार तेली' या नावाने ओळखले जाणारे, शतकानुशतके येथे नांदले. त्यांच्यापैकी पुष्कळ जण १९४८ नंतर इस्रायलला गेले. किहीमकर, पेणकर, रोहेकर ही आडनावे मात्र त्यांनी बरोबर नेली. प्युरीम हा त्यांचा सण आपल्या फाल्गुनी पौर्णिमेच्या आसपास येतो. त्याला हे लोक पूर्वी सरळ 'होळीचा सण' म्हणत असत. एकाच चंद्राखाली राहणाऱ्यांनी एकमेकांचे शब्द असे उसने घेतले, आणि ते परत करावेत असे कोणाच्याही मनात आले नाही.

या तिथ्या कधी कधी मोठ्या चमत्कारिक रीतीने एकत्र येतात. २०२४ साली २४ मार्चला रात्री आपल्या होळ्या पेटल्या. त्याच दिवशी सकाळी ख्रिस्ती बांधवांचा झावळ्यांचा रविवार होता. २०२५ साली आपला गुढीपाडवा ३० मार्चला आला, तो त्यांच्या उपवासकाळातील चौथा रविवार होता. व्रताच्या मध्यावर थोडा आनंद करावा म्हणून राखून ठेवलेला. २०२६ च्या पंचांगात हनुमान जयंती २ एप्रिलला आहे, आणि तोच त्यांचा पवित्र गुरुवार. शिमग्याचा ढोल आणि चर्चमधील मौन एकाच गावात, एकाच पंधरवड्यात कसे नांदत असतील, असा प्रश्न पडून आम्ही कोर्लईस गेलो होतो.

रेवदंड्याहून खाडीवरील पूल ओलांडून मुरुडच्या वाटेला लागले की साळाव येते आणि पुढे कोर्लई. समुद्रात घुसलेल्या लांबट डोंगरावर कोर्लईचा किल्ला आहे आणि त्याच्या पायथ्याशी गाव. खाडीच्या पलीकडे चौल: रामेश्वराचे चौल, हिंगलाजदेवीचे चौल, आणि प्राचीन काळापासून दूरदेशीची गलबते जेथे लागत ते चौल. निजामशहाच्या परवानगीने पोर्तुगीजांनी तेथे १५२१ मध्ये कोट बांधावयास घेतला. १५९४ मध्ये त्यांनी कोर्लईचा डोंगरही जिंकून घेतला. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतल्यावर उत्तरेतील फिरंगी सत्तेचा कणा मोडला आणि १७४० मध्ये चौल व कोर्लई मराठ्यांच्या हाती आले. फिरंगी गेले. त्यांच्या कोटात राहणारी गोरगरीब ख्रिस्ती कुटुंबे मात्र गेली नाहीत. ती खाडीच्या अलीकडे किल्ल्याच्या पायथ्याशी वसली, शेती व मोलमजुरी करू लागली. त्यांच्या ओठांवर पोर्तुगीज शब्दांची आणि मराठी वळणाची एक मिश्र बोली राहिली. तिला ते 'नो लिंग' म्हणतात. अर्थ एवढाच की 'आपली भाषा'. जगात ही बोली बोलणारे सुमारे हजार लोक असतील, आणि ते जवळजवळ सगळे या एका गावचे. क्लॅन्सी क्लेमेंट्स या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने या बोलीच्या घडणीवर १९९६ मध्ये एक ग्रंथच प्रसिद्ध केला. पावणेतीनशेहून अधिक वर्षे झाली. राजसत्तेचे छत्र नाही, धन नाही, संख्याबळ नाही. तरी ही वस्ती विरघळून गेली नाही. तिला कशाने धरून ठेवले, हा प्रश्न आम्हांस महत्त्वाचा वाटतो. कार्मेल माउलीच्या नावाचे चर्च हे त्याचे एक उत्तर आहे, आणि त्या चर्चभोवती सर्वांनी मिळून पाळलेली व्रते हे दुसरे.

येथे एखादा वाचक भुवया उंचावील, हे आम्ही जाणतो. फिरंग्यांच्या राज्यात देवळे पडली, गोव्यात १५६० पासून १८१२ पर्यंत धर्मन्यायालयाचा जाच चालला, हा इतिहास आम्ही कीर्तनातून सांगितलेला आहे आणि पुढेही सांगू. परंतु त्या अन्यायाचा हिशेब किल्ल्याच्या पायथ्याशी भात लावणाऱ्या कुटुंबाकडे मागावयाचा नसतो. ज्यांनी जुलूम केला ते गलबतात बसून निघून गेले. जे राहिले ते आपले शेजारी. शेजाऱ्याचे व्रत कोणते, त्याचा नियम काय, त्यात आपल्याकडून विघ्न तर येत नाही ना, हे पाहणे हा आपल्या गृहस्थधर्माचा भाग आहे.

आता प्रत्यक्ष व्रताकडे वळू. त्याचा आरंभ बुधवारी होतो. त्या दिवसाला 'राखेचा बुधवार' म्हणतात. भाविक चर्चमध्ये एकत्र जमतात आणि धर्मगुरू प्रत्येकाच्या कपाळी राख लावतात. माणूस मातीतून आला आणि मातीतच मिळावयाचा आहे, याचे स्मरण त्या वेळी करून देतात. भस्माचा हा अर्थ शिवभक्ताला समजावून सांगावा लागत नाही. महाशिवरात्र होऊन गेल्यावर काही दिवसांतच हा बुधवार यावा, ही मौज वेगळीच. पण आम्हांस त्या राखेच्या उत्पत्तीचे विशेष वाटले. मागील वर्षी झावळ्यांच्या रविवारी जी पाने आशीर्वाद देऊन वाटलेली असतात, ती वाळल्यावर जपून ठेवतात आणि जाळून त्यांचीच राख करतात. गेल्या वर्षीच्या जयजयकाराची या वर्षी राख होते आणि ती कपाळाला लागते. कीर्तनकाराने तासभर वैराग्याचे निरूपण करावे आणि या एका कृतीने ते संपवून टाकावे, असा हा प्रकार आहे.

राखेच्या बुधवारापासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत मोजले तर दिवस सेहेचाळीस भरतात. त्यांतील सहा रविवार वजा केले की चाळीस उरतात. रविवार हा पुनरुत्थानाचा वार असल्यामुळे तो उपवासात धरत नाहीत. येशूने अरण्यात चाळीस दिवस निराहार राहून तप केले, त्याचे हे अनुकरण. सिंधी बांधवांचा झुलेलालाचा चालिहो चाळीस दिवसांचा, शबरीमलैचे व्रत एकेचाळीस दिवसांचे. माणसाचे मन वळावयास इतका अवधी लागतो, असा अनुभव निरनिराळ्या ठिकाणी स्वतंत्रपणे आलेला दिसतो.

नियम कोणते? पूर्वी ते फार कडक होते. १९६६ मध्ये पोप सहावे पॉल यांनी ते सैल केले. आता कॅथलिकांना सक्तीचा उपवास दोनच दिवशी: राखेच्या बुधवारी आणि गुड फ्रायडेला. अठरा वर्षे पूर्ण झाल्यापासून साठीत पाऊल पडेपर्यंत तो बंधनकारक; त्या दिवशी एकच पूर्ण भोजन. शुक्रवारी मांस वर्ज्य, तेही चौदा वर्षांपासून पुढच्यांना. बाकी ज्याने त्याने आपापला त्याग ठरवावा: कोणी दारू सोडतो, कोणी विडी, कोणी गोड. गंमत अशी की या मांसवर्जनात मासळी येत नाही. किनाऱ्यावरच्या माणसाला मटण सोडून पापलेट खाण्याची मुभा म्हणजे आपल्याकडील साबुदाण्याच्या वड्यासारखीच सोय झाली! आपल्या घरी एकादशीला जे रताळ्याचे काप आणि शेंगदाण्याची आमटी होते, ते पाहिल्यावर त्यांना हसण्याचा अधिकार आम्हांस पोचत नाही. काही घरांत म्हणूनच मासळीही चाळीस दिवस आपणहून बंद ठेवतात.

उपवास हा शब्द मुळात पोटाशी संबंधित नाही. 'उप' म्हणजे जवळ आणि 'वस्' म्हणजे राहणे. देवाजवळ जाऊन राहणे हा उपवास, आणि अन्न सुटते ते त्याच्या ओघात. ख्रिस्ती उपवासकाळाची अंगे तीन सांगतात: प्रार्थना, उपवास आणि दान. यांतील तिसरे अंग आम्हांस विचार करावयास लावते. मांसाचा, मद्याचा, चैनीचा जो पैसा वाचला तो शिलकीत टाकावयाचा नाही, तो गरजवंताकडे गेला पाहिजे. म्हणजे उपवास करणाऱ्याच्या ताटातून जे उणे झाले ते कोणाच्या तरी ताटात वाढले जाते. आपल्याकडेही व्रताच्या उद्यापनाला दान सांगितलेले आहेच. पण उद्यापन यथासांग करणारी घरे आता किती राहिली? उपवास उरला आहे तो वैद्याच्या सल्ल्याने वजन उतरविण्यापुरता, आणि तोही ज्याचा त्याचा, ज्याच्या त्याच्या खोलीत.

कोर्लईतील एका ऐंशी ओलांडलेल्या बाईंशी आमचे बोलणे झाले. आम्ही त्यांना विचारले, "मावशी, या वयात चाळीस दिवसांचा नेम झेपतो का? आता तर तुम्हांला सूट आहे." त्या म्हणाल्या, "सूट आहे हो बुवा, पण एकटीने सूट घेऊन मी काय करू? एकट्याचा उपास मोडायला कितीसा वेळ लागतो? इथे शेजारीण चुलीवर काय ठेवते ते मला दिसते आणि मी काय ठेवते ते तिला." शिमग्याविषयी विचारले तेव्हा त्या हसल्या. "ढोल वाजला की पोरांचे पाय हलणारच. त्यांना आम्ही रागे भरत नाही. पण होळीची पोळी आली तर ती संध्याकाळच्या एका जेवणात बसवतो." व्रत आणि शेजारधर्म यांतील हा तोल कोणत्याही निबंधग्रंथात लिहून ठेवलेला नाही, तो स्वयंपाकघरात ठरतो.

एकत्र व्रताचे आणखी एक रूप म्हणजे 'क्रुसाची वाट'. येशूला दंड ठोठावल्यापासून त्याचे शव कबरीत ठेवीपर्यंतचे चौदा प्रसंग चर्चच्या भिंतींवर क्रमाने लावलेले असतात. उपवासकाळातील शुक्रवारी भाविक एका प्रसंगापासून दुसऱ्यापर्यंत जातात, थांबतात, गुडघे टेकतात, प्रार्थना म्हणतात आणि पुढे सरकतात. पायी चालून कथा ऐकण्याची ही रीत पंढरीच्या वाटेवरच्या माणसाला लगेच उमजेल. जो तीर्थाला जाऊ शकत नाही त्याच्यासाठी यरुशलेमची वाट गावातच आणून ठेवली आहे.

येथवर पूर्वरंग झाला. आख्यान आहे ते शेवटच्या आठवड्याचे.

त्या आठवड्याचा आरंभ झावळ्यांच्या रविवारी होतो. येशू गाढवावर बसून यरुशलेमेत आला तेव्हा लोकांनी झाडांच्या डहाळ्या हाती घेऊन त्याचा जयजयकार केला, त्याची ही आठवण. आमच्या माडांच्या मुलखात पानांची काय वाण? त्याच दिवशी मिसेत छळाचे आख्यानही वाचले जाते. सकाळी जयजयकार करणारा समुदायच आख्यानात 'याला क्रुसावर द्या' ही आरोळी आपल्या तोंडाने देतो. दोष दुसऱ्यावर ढकलण्यास जागाच ठेवलेली नाही.

पवित्र गुरुवारी धर्मगुरू बारा जणांचे पाय धुतात. येशूने शेवटच्या भोजनाच्या वेळी आपल्या शिष्यांचे पाय धुतले होते. आपल्याकडे यजमान गुरूचे पाय धुतो. येथे गुरू यजमानाचे पाय धुतो. आम्हांस त्या क्षणी धर्मराजाच्या राजसूय यज्ञातील श्रीकृष्ण आठवला: अग्रपूजेचा मान ज्याचा, त्यानेच आल्यागेल्यांचे पाय धुण्याचे काम मागून घेतले होते. सुदाम्याचे पायही त्यानेच धुतले. २०१६ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी या विधीसाठी स्त्रियांचीही निवड करता येईल असा नियम केला. राबून भेगाळलेले एखाद्या शेतकरणीचे पाऊल धर्मगुरूच्या हाती असणे, ही गोष्ट लहान नव्हे.

त्याच मिसेत एकदा घंटा वाजतात आणि मग मुक्या होतात. पुढे शनिवारच्या रात्रीपर्यंत त्या वाजत नाहीत. गरज पडल्यास लाकडी खटखटा वाजवितात. वेदीवरील वस्त्रे उतरवितात, वेदी उघडी पडते आणि भाविक रात्री जागरणास बसतात. घंटेविना देऊळ कसे वाटेल, याची कल्पना आपण करून पाहावी.

मग शुक्रवार. वर्षातील हा एकच दिवस असा की कोठेही मिसा होत नाही. दुपारी तीनच्या सुमारास, येशूने प्राण सोडला त्या वेळी, लोक जमतात. धर्मगुरू प्रथम वेदीपुढे भूमीवर साष्टांग पडतात. कोणी काही बोलत नाही. योहानाने लिहिलेले आख्यान वाचले जाते. मग दहा प्रार्थना होतात, त्यांत यहुदी लोकांसाठी एक, ख्रिस्तावर श्रद्धा नसणाऱ्यांसाठी एक आणि देवच न मानणाऱ्यांसाठी एक असते. म्हणजे त्या दुपारी आपल्यासाठीही कोणी गुडघे टेकलेले असतात. त्या प्रार्थनेत त्यांच्या मार्गाचा आग्रह आहे, ते झाकण्याचे कारण नाही. तरीही शोकाच्या दिवशी परक्यांची आठवण ठेवणे आम्हांस मोलाचे वाटते. शेवटी एकेक जण पुढे येऊन क्रुसाला वंदन करतो, त्याचे चुंबन घेतो.

'गुड' या शब्दामुळे आपल्याकडील सुशिक्षित मंडळी त्या दिवशी शुभेच्छा पाठवितात. तो सुतकासारखा दिवस आहे. त्या दिवशी ख्रिस्ती शेजाऱ्याकडे मिठाई नेऊ नये, अभिनंदनही करू नये. भेटीस जावयाचे ते रविवारी.

शनिवारी दिवसभर काही नाही. रात्री मात्र जे घडते ते आमच्या मते साऱ्या वर्षातील शिरोमणी होय. चर्चमधील सगळे दिवे मालवितात. बाहेर अंगणात नवा अग्नी प्रज्वलित करतात. त्यावरून एक मोठी मेणबत्ती लावतात. तिच्यावर चालू वर्षाचे अंक आणि ग्रीक वर्णमालेतील पहिले व शेवटचे अक्षर कोरलेले असते. ती ज्योत घेऊन धर्मगुरू अंधाऱ्या मंदिरात शिरतात, तीनदा थांबून ख्रिस्तज्योतीचा घोष करतात आणि त्या एका ज्योतीवरून जमलेला प्रत्येक जण आपल्या हातातील मेणबत्ती उजळतो. शेजाऱ्याने शेजाऱ्याला ज्योत द्यावयाची. एकट्याला हा विधी करताच येणार नाही, कारण ज्योत घेण्यास आणि देण्यास दुसरा माणूस लागतो. मग सृष्टीच्या उत्पत्तीपासून कथा वाचल्या जातात, आणि दोन दिवस मुक्या असलेल्या घंटा एकदम वाजू लागतात. काकडआरतीला पहाटेच्या काळोखात ज्याने देवाचे मुख प्रथम पाहिले आहे, त्याला त्या घंटांचा अर्थ विचारावा लागणार नाही.

एक गोष्ट येथे मुद्दाम नोंदवितो. मधल्या काही शतकांत हा रात्रीचा विधी सरकत सरकत शनिवारी सकाळी होऊ लागला होता. लख्ख उन्हात मेणबत्ती लावून प्रकाश आला म्हणावयाचे! पोप बारावे पायस यांनी १९५१ मध्ये प्रथम प्रायोगिक स्वरूपात आणि १९५५ मध्ये कायमचा तो पुन्हा रात्री नेला. मुहूर्त सोयीसाठी हलविला की विधीचे केवळ नाटक होते, हे ओळखणारे धर्माधिकारी सर्वत्र असावेत, असे आम्हांस वाटून गेले. आमच्याकडे रामजन्माचे कीर्तन मध्यान्हीऐवजी 'सोयीनुसार' सकाळी दहाला उरकण्याची सूचना करणारे यजमान वाढू लागले आहेत, म्हणून हे लिहिले.

भाषेविषयीही एक शब्द. दुसरी व्हॅटिकन परिषद १९६२ ते १९६५ या काळात झाली. तोवर मिसा लॅटिनमध्ये होई. त्यानंतर लोकभाषेला वेदीवर स्थान मिळाले. कोर्लईत घरी 'नो लिंग' आणि देवापुढे मराठी असा क्रम पडला. आम्ही संस्कृताचे अभिमानी आहोत. मंत्राची भाषा बदलली की काही तरी हरवते, असे आमचे मत आहे आणि ते वयाबरोबर पक्केच होत आहे. पण आळंदीच्या माउलीने गीता मराठीत आणली नसती तर आमच्या घराण्याने कीर्तन तरी कशाचे केले असते?

मराठीने ख्रिस्तकथा तर फार पूर्वीच आपलीशी केलेली आहे. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडात जन्मलेले जेझुइट धर्मगुरू १५७९ मध्ये गोव्यास आले आणि त्यांनी मराठी ओवीत 'क्रिस्तपुराण' रचले. ते १६१६ मध्ये राचोल येथे रोमन लिपीत छापले गेले. जुनी पुराणे सुटलेल्या नवख्रिस्ती लोकांना ऐकावयास काही तरी हवे होते. ती भूक ओवीनेच भागू शकते हे त्या परदेशी माणसाने ओळखले. शांताराम बंडेलू यांनी १९५६ मध्ये ते देवनागरीत आणले. पुढे कोकणातच जन्मलेले कवी नारायण वामन टिळक यांनी १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावर आमची कीर्तनकलाच येशूच्या चरित्रासाठी वापरली, आणि त्यांनी आरंभिलेले 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाईंनी त्यांच्या मागे पुढे नेले. धर्म बदलला तरी चाल, ताल आणि कारुण्याची रीत बदलली नाही. आमच्या गुरुजनांना टिळकांचे धर्मांतर रुचले नव्हते. त्यांच्या कीर्तनाची परीक्षा करताना मात्र ते कीर्तनाच्याच निकषांनी करीत.

साम्य दाखविताना भेद पुसून टाकण्याची हल्ली चाल पडली आहे, ती आम्हांस मान्य नाही. पुनरुत्थान म्हणजे पुनर्जन्म नव्हे. आपल्याकडे जीव एक देह टाकून दुसरा घेतो आणि कर्माचा धागा पुढे चालतो. ख्रिस्ती श्रद्धा अशी की येशू त्याच देहाने, हातापायांवरील खिळ्यांच्या खुणांसह, तिसऱ्या दिवशी उठला. ही घटना एकदाच घडली आणि तिच्यामुळे मृत्यूची सत्ता मोडली. हे मान्य करावे की न करावे हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा प्रश्न. पण शेजारी कशाचा आनंद करीत आहे ते नीट समजून घ्यावे आणि त्याला आपल्या शब्दकोशातला सोयीचा शब्द चिकटवू नये.

राहिले पारणे. अंबरीषाचे आख्यान आपल्या परिचयाचे आहे. वर्षभराचे एकादशीव्रत, द्वादशीची वेळ सरत चाललेली, आणि अतिथी दुर्वास नदीवर गेलेले. अतिथीला टाकून जेवावे तर पाप, पारणे चुकवावे तर व्रतभंग. राजाने केवळ पाणी घेतले. या आख्यानात आम्ही नेहमी एक गोष्ट बिंबवीत आलो: व्रताचे फळ पारण्यात आहे आणि पारणे एकट्याने करावयाचे नसते. ईस्टर हे त्या चाळीस दिवसांचे पारणे होय. नोकरीच्या निमित्ताने मुंबईकडे पांगलेली कोर्लईची मुले त्या आठवड्यात शक्य तितकी गावी परततात, मावशी म्हणाल्या, "कोण आला नाही ते शनिवारच्या रात्री मेणबत्त्यांवरून कळते." त्यांचा एक नातू या वेळी आला नव्हता. नातवाला 'नो लिंग' समजते, बोलता मात्र येत नाही, हेही त्यांनी सांगितले. आणि मग बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत.

२०२५ च्या ईस्टरला, २० एप्रिलला, आजारी पोप फ्रान्सिस यांनी रोममध्ये सज्जात येऊन लोकांना आशीर्वाद दिला आणि दुसऱ्याच दिवशी, सोमवारी, देह ठेवला. पारणे करूनच ते गेले, असे आम्ही त्या आठवड्यातील कीर्तनात म्हटले तेव्हा श्रोत्यांतील माना हललेल्या दिसल्या.

या पारण्याचा आनंद एका दिवसात आटोपत नाही. चाळीस दिवसांच्या व्रतापुढे पन्नास दिवसांचा उत्सव लागतो आणि तो पेंटेकॉस्टच्या रविवारी पुरा होतो. २०२५ मध्ये तो रविवार ८ जूनला आला, मृग लागण्याच्या सुमारास. तोवर किनाऱ्यावरचे राब भाजून झालेले असतात, होड्या वर ओढून शाकारलेल्या असतात, आणि खाडीच्या अलीकडचे शेतकरी काय, पलीकडच्या चौलचे काय, सगळेच आभाळाकडे पाहत उभे असतात.